मंदाताई खातूंचं पहिलं वाचन

मंडळी, ऐका! आज गोल गोल फिरवत नाही, सरळ विचारतो. एक माणूस तुमच्यासाठी राबला. तुम्ही हात जोडून बोलावलंत म्हणून आला, एक पैसा न घेता राबला. पुढे तुमचंच काहीतरी चुकलं. लोक जाब विचारायला लागले. आणि तुम्ही काय केलंत? चारचौघांत त्याच्याकडे बोट दाखवलंत — 'यानं सांगितलं होतं हो!' — आणि मोकळे झालात. याला काय म्हणायचं? चूक म्हणायची की पाप म्हणायचं?

पाप! बरोबर. आता दुसरं विचारतो. ते बोट बघून जे धावत गेले आणि कसलीही चौकशी न करता त्या माणसाला बडवून आले, त्यांना काय म्हणायचं? ... बोला ना! बघा वामनराव, पहिल्या प्रश्नाला सगळा मंडप ओरडला आणि दुसऱ्याला एकाचाही आवाज नाही. तुमची पेटीसुद्धा गप्प झाली!

काल उत्सव समितीचे अध्यक्ष विचारत होते, 'बुवा, आख्यान कुठलं लावणार?' म्हटलं, मोबाईलमधलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, नारळ परत मागतात आता! 'बुवा, लोक पुराण ऐकायला येतात.' अहो, कीर्तन चालू असताना मांडीवर मोबाईल उघडून बसतात ते काय पुराण वाचत असतात? खांबाशी बसलेले काका, मी तुमच्याकडे बघत नाहीये. ठेवा, ठेवा खिशात.

तर एक मालिका होती टीव्हीवर — 'गलबत'. समुद्रावरची गोष्ट. सागुणा नावाची एक बाई गलबत चालवते, आणि सुकाणूवर असतो भिवा तांडेल. म्हातारा, खवचट, पण जिवाला जीव देणारा. लोक वेडे झाले होते हो त्या तांडेलापायी! आणि एक दिवस वाहिनीनं काय करावं? भर वादळात गलबत सापडलंय, डोलकाठी कडाकडा वाजतेय — आणि मालिका बंद! संपली! दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला सासू-सुनांचं भांडण सुरू.

आता ज्यांनी दोन वर्षं जीव लावला, त्यांनी काय करायचं? त्यांनी पुढची गोष्ट स्वतःच लिहायला घेतली. मोबाईलवर एक मंडळ काढलं, 'गलबतवाले'. कोणी अकोल्याचा, कोणी पणजीचा, एकमेकांचं तोंड कधी बघितलेलं नाही. कोणी सागुणेचं लग्न लावलं, कोणी तांडेलाचं लहानपण लिहिलं. लिहायचं आणि मंडळावर टाकायचं. ना मानधन, ना पुस्तक, ना सत्कार. नुसती आवड! हसू नका. तुम्ही भजनाला येता ते काय पगारावर येता?

आणि या मंडळाची एक रीत होती. नीट ऐका, सगळं आख्यान या रीतीवर उभं आहे. गोष्ट लिहिली की ती थेट सगळ्यांपुढे टाकायची नाही. आधी मंडळातल्या कुणाला तरी विनंती करायची, 'माझ्या गोष्टीचं पहिलं वाचन कराल का?' तो हो म्हणाला, तर त्याला पाठवायची. त्यानं वाचायची, आणि काय खटकलं ते समासात लिहायचं — समास म्हणजे पानाच्या कडेची मोकळी जागा. मजकुराला हात लावायचा नाही! गोष्ट लेखकाची. पटलं तर लेखकानं बदलावं, नाही पटलं तर सोडून द्यावं. मग समासातलं पुसून साफ प्रत सगळ्यांसाठी टाकायची, आणि वर एक ओळ लिहायची — 'पहिलं वाचन : अमुक अमुक'. त्या वाचणाऱ्याला मिळायचं ते एवढंच. एक ओळ!

आणि समासात जे बोलणं होईल ते दोघांतच राहायचं. हा नियम मंदाताईंनी भांडून करून घेतलेला.

कोण मंदाताई? मंदाकिनी खातू. चिपळूणच्या. वय एकोणसाठ. घराच्या पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवतात. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा बोटीवर नोकरीला, घरात सून आहे, अनघा. मंदाताईंनी स्वतः एक ओळ कधी लिहिली नाही. पण वाचायच्या अशा, की कपडा उलटा करून शिलाई बघावी तशा. कुठं टाका सुटलाय, कुठं उगाच चुणी आलीय, बरोबर बोट ठेवायच्या. गुरुवारी क्लासला सुट्टी. गुरुवार सगळा या वाचनाचा.

तो नियम का करून घेतला? बार्शीची एक मुलगी होती. आयुष्यातली पहिली गोष्ट तिनं लिहिली. ज्या महाशयांनी ती वाचली, त्यांनी आपल्या शेऱ्यांसकट ती पानं मंडळावर टाकली — 'बघा, लोक कसं लिहितात!' झालं! हजार माणसं फिदीफिदी हसली. त्या पोरीनं पुन्हा लिहिलं नाही. मंदाताईंनी तिला चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. त्या दिवशी या बाईनं मंडळाच्या चालकांना ठणकावून सांगितलं, 'समासातलं समासात राहणार असेल तरच मी वाचेन. नाहीतर तुमचं तुम्ही बघा.' चालकांनी मुकाट नियम केला.

आता दुसरा माणूस. विराज सावर्डेकर. कऱ्हाडचा, तेहतीस वर्षांचा, विमा कंपनीत नोकरीला. यानं 'उधाणानंतर' म्हणून लांबलचक गोष्ट सुरू केली. पहिलं प्रकरण मंदाताईंकडे आलं तेव्हा त्यात वादळ आठ पानं चाललं होतं आणि गलबतावर एकही माणूस बोलत नव्हता! ताईंनी समासात लिहिलं, 'विराज, पाऊस पुरे. आता कुणाला तरी बोलू दे.' त्यानं ऐकलं. 'ताई, तुम्ही नसतात तर काय झालं असतं हो माझं!' दर गुरुवारी एक प्रकरण, चाळीस प्रकरणं! सागुणेला भाऊ असावा हे ताईंनी सुचवलेलं. तांडेलाच्या कमरेची चिलीम ताईंची. वाचक वाढत वाढत अकरा हजारांवर गेले. आणि वर ओळ काय? 'पहिलं वाचन : मंदाताई'. ताई खूश. अनघाला दाखवायच्या, 'बघ गं, माझं नाव.' माणसाला एवढंसं पुरतं हो. पण तेवढंसं तरी नीट द्यावं!

आलं एक्केचाळिसावं प्रकरण. आणि यात विराजनं काय केलं? भिवा तांडेल — ज्यानं चाळीस प्रकरणं सुकाणू सोडलं नाही — तो संकट बघून होडीत उडी मारतो आणि सगळ्यांना बुडायला टाकून पळून जातो! ताईंनी वाचलं आणि हातातला चहा निवून गेला. समासात लिहिलं, 'विराज, हे करू नकोस. हा माणूस पळणारा नाही. पळवायचाच असेल तर आधी त्याला भ्यालेला दाखव. एका ओळीत तू याचा जन्म नासवतोयस. लेखक तू आहेस, ठरव तू. पण मला हे अजिबात पटलेलं नाही.' इतकं स्पष्ट!

त्यानं ऐकलं? नाही. का ऐकेल? अकरा हजार वाचक झाले ना आता! समास पुसला, गोष्ट जशीच्या तशी टाकली, आणि वर रीतीप्रमाणे ओळ — 'पहिलं वाचन : मंदाताई'.

मंडळी, दुपार व्हायच्या आत मंडळ पेटलं! 'आमच्या तांडेलाला पळपुटा केलात?' 'शरम वाटत नाही?' एकानं तर लिहिलं की मी आज जेवलो नाही. विराज घाबरला. अकरा हजारांचे दहा हजार व्हायला लागले. तेव्हा या गृहस्थानं खाली काय लिहिलं? शब्द ऐका — 'मला स्वतःला हे नको होतं. पहिल्या वाचनात तसं सुचवलं गेलं.'

सुचवलं गेलं! अहो, कोणी सुचवलं? वाऱ्यानं? छपरावरच्या कावळ्यानं? नाव घ्यायची हिंमत नाही, आणि नाव घ्यायची गरजही नाही — कारण वर ठळक अक्षरांत ओळ आहे! जी ओळ मान म्हणून दिली, तीच लोकांना पत्ता म्हणून दाखवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते हो हे सांगताना!

झालं. आठशे माणसं! 'ही मंदाताई कोण टिकोजीराव?' 'स्वतःला लिहिता येत नाही म्हणून दुसऱ्याचं बिघडवते.' 'म्हातारीला हाकला मंडळातून.' ओळखदेख नाही, विचारपूस नाही. एकानं तरी विचारावं ना, 'बाई, हे खरं का?' एकानंही नाही! जिनं तीन वर्षं यांच्यातल्या निम्म्या लोकांच्या गोष्टी फुकट वाचून दिल्या, तिला!

मंदाताई मशीनवर बसल्या होत्या. समोर क्लासच्या मुली. फोन टिंग टिंग टिंग वाजतोय. उघडून बघितलं. वाचत गेल्या. मग चष्मा काढला, मुलींना म्हणाल्या, 'आज जा गं घरी.' मुली गेल्या आणि बाईनं हातातली कात्री अशी आपटली, की अनघा आतून धावत आली!

आता तुम्हाला वाटेल, बुवा म्हणणार ताई शांत होत्या, क्षमाशील होत्या. खोटं कशाला सांगू? देवाच्या दारात उभा आहे. विराजच्या सात पिढ्यांचा उद्धार केला त्यांनी त्या खोलीत. आणि रडल्यासुद्धा.

अनघानं सगळं वाचलं. 'आई, तुमच्याकडे ती समासवाली प्रत आहे ना?'

'आहे.'

'त्यात तुम्ही नको म्हटलंय ना?'

'म्हटलंय.'

'मग द्या इकडे! आत्ता टाकते मंडळावर. एका मिनिटात त्याचं तोंड बंद होईल.'

मंडळी, तुम्हीही तेच म्हणताय ना? टाक की बाई! मीही तेच म्हणालो असतो. ताईंनी फोन हातात घेतला. प्रत उघडली. बोट तिथवर नेलं. आणि फोन पालथा ठेवला.

'नाही टाकायचं.'

'अहो पण का? त्यानं तुम्हाला मातीत घातलंय!'

'त्या बार्शीच्या पोरीचं हसं झालं तेव्हा नियम कोणी मागितला? मी. आज माझ्यावर आलं म्हणून तो मोडू? मग उद्या कुठली नवी पोर आपलं कच्चं लिखाण कुणाच्या हातात देईल? तिला वाटेल, रागावली की ही माणसं सगळं बाहेर काढतात.' आणि वर म्हणाल्या, 'माझं नाव जातंय ते मला दिसतंय गं. आंधळी नाहीये मी.'

त्यांनी विराजला फोन लावला. तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला.

'विराज, तू जे लिहिलंस ते खोटं आहे. तू मंडळावर खरं सांग.'

'ताई, कशाला मनाला लावून घेता? चार दिवसांत लोक विसरतील.'

'मला शिव्या घालतायत रे!'

'अहो ताई, तुम्हाला काय फरक पडतो? तुमचं कुठं नाव आहे? मला अकरा हजार लोक वाचतात. माझी वर्षभराची मेहनत आहे.'

तुमचं कुठं नाव आहे! ऐकलंत? जिच्या खांद्यावर चढून हा वर गेला, तिला वरून विचारतोय! आणि मेहनत कोणाची म्हणे? माझी! गुरुवार कोणाचे गेले रे बाबा? ताईंनी फोन ठेवला.

आता पुढचं ऐका, यावर तर तुमचा विश्वास बसणार नाही. पुढच्या गुरुवारी, बरोबर नेहमीच्या वेळेला, मंदाताईंच्या फोनवर काय यावं? बेचाळिसावं प्रकरण! काही घडलंच नाही अशा थाटात! खाली ओळ — 'ताई, जरा लवकर बघाल का, लोक खोळंबलेत.' काय निर्लज्जपणा! वामनराव, तुमच्या पेटीचा भाता फाडून कोणी दुसऱ्या दिवशी म्हणालं, 'जरा सूर धरा', तर धराल? नाही ना! ते बघा, मान हलवतायत.

ताईंनी वाचलं. का वाचलं, हे अनघालाही कळलं नाही. 'एक्केचाळीस वाचली, बेचाळिसाव्याला हो म्हटलेलं आहे मागच्या महिन्यात,' एवढंच म्हणाल्या. सगळे शेरे लिहिले, पहिल्यासारखेच, कसूर नाही. आणि अगदी शेवटी समासात लिहिलं — 'हे माझं शेवटचं वाचन. तांडेलाला पळवू नकोस असं मी लिहिलं होतं, ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. मी बाहेर बोलणार नाही. बोलायचं तुझ्याकडे आहे.'

दुसऱ्या दिवशी विराजनं काय केलं? ऑफिसात बसून घाईघाईत गोष्ट टाकली. आणि साफ प्रत टाकायच्या ऐवजी — टाकली समासवाली! शेऱ्यांसकट! त्या शेवटच्या ओळींसकट!

हा! आता कसे सगळे सरसावून बसलात!

अनघानं बघितलं आणि टाळीच वाजवली. 'आई! आई, बघा! तुमचं सगळं आलंय त्यात! तुम्ही काही केलं नाही, त्यानंच स्वतःच्या हातानं टाकलं! देव आहे हो, देव आहे! आता गप्प बसा फक्त.'

गप्प बसायचं. एवढंच करायचं होतं! नियम मोडत नाही, शब्द मोडत नाही, पंधरा मिनिटं मशीन चालवत बसायचं आणि गेलेलं नाव घरी चालत येतंय. सांगा, तुम्ही उठला असतात? मी नसतो उठलो. मी तर चहा टाकला असता!

ताईंनी फोन उचलला आणि विराजला लावला. या वेळी त्यानं लगेच उचलला.

'गाढवा, समासासकट टाकलीयस तू! काढ ती आधी!'

'काय? अरे बापरे ... ताई, तुम्ही ... तुम्ही मला सांगताय?'

'तुझ्यासाठी नाही सांगत. त्यात माझं बोलणं आहे, आणि ते समासातलं आहे. काढ!'

काढली त्यानं. पण तेवढ्या वेळात चाळीस-पन्नास जणांनी वाचली होती, आणि वाचलेलं पोटात ठेवणारी जमात आहे का आपली? तासाभरात मंडळभर झालं. आणि आता बघा मजा! तीच माणसं! तीच आठशे माणसं! काल 'म्हातारीला हाकला', आज 'मंदामाऊली, आम्ही तुमच्या पाठीशी'! काल तिला चपला, आज विराजला चपला! 'नीच', 'कृतघ्न', 'तुझ्या ऑफिसात कळवतो'. दगड तेच, हात तेच, नुसती दिशा बदलली. कुणाला वाटलं नाही, की अरे, काल आपण काय केलं!

विराजनं मंडळावर लिहिलं, 'काही गैरसमज झाले, त्याबद्दल दिलगीर आहे.' गैरसमज झाले! याच्याकडे सगळं आपोआपच होतं! 'मी खोटं बोललो' हे तीन शब्द काही त्याच्या बोटांतून उतरले नाहीत.

आणि मंदाताईंनी मंडळावर लिहिलं. पहिल्यांदाच, आणि शेवटचं. 'ज्यांनी मागच्या आठवड्यात मला शिव्या दिल्या, त्यांनी आज माझ्या बाजूनं त्याला देऊ नयेत. मला तुमची बाजू नको. मला कोणी विचारलं असतं तर पुरे होतं. माझं वाचन बंद.' आणि बाई मंडळातून बाहेर पडल्या.

त्या आठवड्यात तेवीस नव्या लेखकांच्या गोष्टी त्यांच्याकडे वाचायला होत्या. तेवीस! ताईंनी प्रत्येकाला स्वतः कळवलं, की दुसरं कुणी बघा. त्यातल्या बहुतेकांना अजून कुणी मिळालेलं नाही. 'उधाणानंतर' पंचेचाळिसाव्या प्रकरणात पडून आहे. ओरडणारे आठशे मिळतात हो, बसून वाचणारा एक मिळत नाही!

आता विचारा मला, त्या आठशेंपैकी परत जाऊन, जिथं शिवी घातली तिथंच खाली 'माझं चुकलं' असं किती जणांनी लिहिलं? तीन. तीन जणांनी!

त्या तिघांत मी नव्हतो.

होय. दचकू नका. 'गलबत' मीही बघायचो. दौऱ्यावर असलो की लॉजवर बसून बघायचो. मंडळात दुसऱ्या नावानं होतो. कीर्तनकारानं असलं काही वाचावं, हे बरं दिसत नाही ना! आणि त्या दुपारी, तांडेल पळाला म्हणून मला इतका राग आला, की मीही लिहिलं. काय लिहिलं ते सांगतो, लपवत नाही. लिहिलं — 'मंदाताई, या वयात देवाचं नाव घ्या, लोकांच्या गोष्टीत नाक खुपसू नका.' देवाचं नाव! मी! ज्याचं पोट देवाच्या नावावर चालतं, त्यानं ते नाव एका बाईच्या तोंडावर फेकून मारलं. आणि संध्याकाळी फेटा बांधून कीर्तनाला उभा राहिलो, विषय काय — गोड वाणी! लाज वाटते मला माझी!

खरं कळल्यावर मी त्यांचा पत्ता मिळवला आणि पत्र लिहिलं. चार पानं, सुंदर भाषा, माफी मागितली. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. उत्तर आलं, पोस्टकार्डावर. 'बुवा, पत्र मिळालं. शिवी घातलीत चारचौघांत, आणि माफी मागताय बंद पाकिटात. हे काही मला पटलेलं नाही.'

मी चिपळूणला गेलो. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. मी म्हटलं, 'ताई, मी हे कीर्तनात सांगेन. तुमचं नाव घेतलं तर चालेल?' माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'शिवी घालताना विचारलं होतंत?' आणि मशीन चालू केली. त्या घरात काय काय झालं ते मला दारापर्यंत सोडायला आलेल्या अनघानं सांगितलं.

म्हणून मी गावोगाव हे सांगत फिरतोय. हे सातवं गाव. मंदाकिनी खातू, चिपळूण — तुम्ही चुकला नव्हतात. मी चुकलो. मी खोट्यावर विश्वास ठेवला, कारण तो ठेवायला सोपा होता, आणि देवाचं नाव घेऊन तुम्हाला घाण बोललो. हे मी फेटा बांधून, देवासमोर, पाचशे माणसांत सांगतोय.

आणि तुम्ही? माझ्याकडे काय बघताय? मघाशी दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसलात ते मला दिसलं. गेल्या महिन्यात गावाच्या ग्रुपवर अंगणवाडीच्या बाईंना कोण काय बोललं, खाऊ चोरते म्हणून, ते मी इथं येण्याआधी वाचून आलोय! पुढे काय निघालं? खाऊ तालुक्यावरूनच आला नव्हता! त्या बाई तिकडे मागे चपलांजवळ बसल्यात, पुढे यायची सोय ठेवली नाहीत तुम्ही त्यांना. कोणी गेलं का त्यांच्याकडे? गेलंही असेल एखादं, मागच्या दारानं, हळूच, 'बाई, मनावर घेऊ नका हं' म्हणायला.

ते चालणार नाही. काका, मघाशी खिशात ठेवलात तो मोबाईल आता काढा. सगळे काढा! ज्या ग्रुपवर लिहिलंत, त्याच ग्रुपवर लिहा, स्वतःच्या नावानं. 'गैरसमज झाला' असं लिहायचं नाही. 'मी बोललो, माझं चुकलं' असं लिहायचं. वामनराव, पेटी बंद ठेवा. आरती थांबेल, देवाला घाई नाही. मी उभा आहे इथं. लिहा!